पिपची शब्दशाळा : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधले अवघड इंग्रजी शब्द (लेखांक ५)

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून ३६ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. पुस्तकात ५९ प्रकरणे आहेत आणि सुमारे १ लाख ८५ हजार शब्द. अभिजात कादंबरी वाचून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असेल, तर सुरुवात हिच्यापासून करावी, कारण तिचा नायकच शब्दांपाशी अडणारा मुलगा आहे. लोहाराच्या घरात वाढणारा हा पोरका पिप कानावर पडलेल्या शब्दांचे आपल्या परीने अर्थ लावतो, काही वेळा साफ चुकतो, मोठ्यांना विचारतो आणि विचारल्याबद्दल बहिणीच्या अंगुस्तानाचे टोले डोक्यावर खातो. पुढे एका श्रीमंत घरात पत्ते खेळताना तो गुलामाला ‘नेव्ह’ न म्हणता ‘जॅक’ म्हणतो आणि एस्टेला नावाची त्याच्याच वयाची मुलगी त्याला हसते. त्या काळी पत्त्यांतला ‘जॅक’ हा खालच्या थरातला शब्द मानला जाई. आज ‘नेव्ह’च मागे पडला आहे, हा भाग वेगळा. त्या एका हसण्याने पिपला आपल्या घराची, आपल्या बोलण्याची आणि आपल्या राकट हातांची लाज वाटू लागते, आणि तिथून त्याचे शिकणे सुरू होते.

अशा पुस्तकात किती शब्द अडतील, याचा अंदाज आधी घेतलेला बरा. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय समजायची तर तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची नेहमीची रूपे मिळून धरलेला एक गट. ९८ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ दर पन्नास शब्दांत एक अनोळखी, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा. डिकन्सच्या पानावर बहुतेक मराठी वाचकांना याहून जास्त शब्द अडतात. प्रत्येक शब्दासाठी कोश उघडणारा वाचक तिसऱ्या प्रकरणाच्या आत पुस्तक मिटतो. त्यामुळे कोणता शब्द शिकायचा याइतकेच कोणता सोडून द्यायचा हेही ठरवावे लागते, आणि शब्दांची जात ओळखता आली की ही निवड सोपी होते.

सर्वांत निरुपद्रवी जात वस्तूंच्या नावांची. गोष्ट सुरू होते टेम्स नदीच्या मुखाजवळ, केंट परगण्यातल्या दलदलीच्या प्रदेशात. साहजिकच पहिल्या प्रकरणांत बांध, चर, झडपा, तोफांचे जुने मोर्चे यांची नावे भराभर येतात. ‘डाइक’ म्हणजे चर किंवा बांध, ‘स्लूस’ म्हणजे रायगडच्या खारभूमीत जिला उघाडी म्हणतात ती, आणि शेवटाकडे येणारी ‘लाइमकिल्न’ म्हणजे चुनाभट्टी. कोकणातल्या वाचकाला ही दृश्ये परकी वाटणार नाहीत, नावे तेवढी नवी. हे शब्द एकदा समजून घेऊन पुढे जावे. पाठ करण्यात अर्थ नाही. ‘हल्क’ हा मात्र थोडे थांबण्यासारखा शब्द आहे. निकामी झालेल्या लढाऊ जहाजांची शिडे-डोलकाठ्या उतरवून त्यांचे तरंगते तुरुंग करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये १७७६ च्या कायद्याने सुरू झाली आणि १८५७ मध्ये संपली. म्हणजे कादंबरी छापली जात होती तेव्हाही ही वस्तू इतिहासजमा झाली होती. डिकन्सने त्यावर साधी युक्ती केली आहे. दुसऱ्या प्रकरणात पिपच घरच्यांना या शब्दाचा अर्थ विचारतो आणि वाचकाला उत्तर आयते मिळते. ज्या श्रीमंत घरात पिप पत्ते खेळतो त्याची मालकीण मिस हॅविशम. तिच्या ‘सॅटिस हाउस’ या वाड्याच्या नावाचा अर्थही एस्टेला पिपला सांगते : ‘पुरेसे’. या लॅटिन शब्दाचीच ‘सॅटिस्फाय’, ‘सेशिएट’, ‘इन्सेशिएबल’ ही भावंडे, त्यामुळे एका वाड्याच्या नावातून तीन शब्द पदरात पडतात. अनोळखी शब्द दिसताच कोशाकडे धाव घेऊ नये, निदान पान संपेपर्यंत धीर धरावा, तो यासाठी.

कोशात सापडणारच नाहीत असेही शब्द इथे आहेत. पहिल्याच प्रकरणात दलदलीतून अवचित उभा राहिलेला कैदी पिपकडे कानस आणि अन्न मागतो. अन्नासाठी त्याने वापरलेला शब्द ‘व्हिक्चुअल्स’ असा लिहिला जातो, शिष्ट उच्चारात तो ‘व्हिटल्स’ होतो आणि कैद्याच्या तोंडी त्याचा ‘विटल्स’ होतो. लंडन आणि आसपासच्या गरिबांच्या बोलीत ‘व्ह’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होत असे, ती डिकन्सने स्पेलिंगमध्येच दाखवली आहे. मराठीत दोन्ही ध्वनी एकाच ‘व’वर भागत असल्याने मराठी कानाला हा फरक चटकन जाणवत नाही आणि वाचक विनाकारण कोशाची पाने उलटत बसतो. पिपचे भाओजी जो गार्गरी यांच्या बोलण्यातही असे मोडके शब्द जागोजाग आहेत. तिथे ते वाक्य मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न कळलेला शब्द बऱ्याचदा कानाला कळतो. ‘लिब्रिव्हॉक्स’वर या कादंबरीचे वाचन विनामूल्य ऐकता येते, त्याचा खरा उपयोग या संवादांसाठी होतो.

सगळ्यात जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. ते अडत नाहीत, म्हणून कोणी त्यांचा अर्थ पाहत नाही. शीर्षकातला ‘एक्स्पेक्टेशन्स’च घ्या. साध्या अपेक्षा एवढाच अर्थ इथे नाही. कोणाच्या तरी मालमत्तेवर वारस म्हणून आपले नाव लागेल, या भरवशाला त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द होता. हे ठाऊक नसेल तर जॅगर्स वकील पिपला त्याच्या ‘एक्स्पेक्टेशन्स’ची बातमी देतो तो प्रसंग अर्धाच कळतो. ‘ट्रान्सपोर्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मालाचे ट्रक येतात. या कादंबरीत ते काळे पाणी आहे. दलदलीतल्या त्या कैद्याला, मॅग्विचला, जन्मभरासाठी न्यू साउथ वेल्सला धाडले जाते आणि तो परत आला तर त्याला फाशी ठरलेली असते. ‘बाउंड’ म्हणजे बांधलेला, इतके सगळ्यांना माहीत असते. पिप ‘बाउंड’ होतो म्हणजे करारपत्रावर सही होऊन तो जोच्या हाताखाली शिकाऊ लोहार म्हणून बांधला जातो. त्यासाठी मिस हॅविशम २५ गिनी देते. गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्या करारपत्राला ‘इंडेंचर्स’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले मराठी मजूर याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या करारांवर गेले होते.

‘फोर्ज’ हा या रांगेतला सर्वांत देखणा शब्द. पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांमुळे ‘फोर्जिंग’ मराठीत रुळलेलेच आहे. कादंबरीत ‘फोर्ज’ म्हणजे जोचा लोहारवाडा, म्हणजेच पिपचे घर, भट्टी आणि ऐरण. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ खोटी सही किंवा खोटे दस्त करणे, आणि कादंबरीतला खलनायक कॉम्पेसन नेमका त्याच धंद्यात मुरलेला आहे. लोखंडाला आकार देणे आणि कागदाला खोटा आकार देणे, दोन्हींना एकच क्रियापद. हा योगायोग डिकन्सच्या मनात असेलच असे नाही, पण वाचकाच्या मनात तो शब्द पक्का बसतो, आणि शब्द शिकणाऱ्याला तेवढे पुरे आहे.

संदर्भावरून अर्थ लावण्याचा सल्ला सगळे देतात. त्यातला धोकाही डिकन्सनेच दाखवला आहे. पिपच्या बहिणीने त्याला ‘बाय हँड’ वाढवले, असे गावभर बोलले जाते. आईच्या दुधाऐवजी वरचे दूध पाजून मूल वाढवणे, हा त्या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ. पिपला कोणी तो सांगितलेला नसतो. बहिणीचा हात जड आहे आणि तो आपल्यावर आणि आपल्या भाओजींवर सारखा पडतो, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून ‘हाताने वाढवणे’ म्हणजे मारून वाढवणे, असा अर्थ तो लावून टाकतो. हा अर्थ संदर्भात चपखल बसतो आणि तरीही चूक असतो. विनोद त्यातूनच निर्माण होतो. अंदाजाने लावलेला अर्थ नंतर कोशात एकदा ताडून पाहणे म्हणूनच भाग आहे, विशेषतः तो फारच सहज जुळला असेल तेव्हा.

खरी कमाई मात्र पोशाखी शब्दांत आहे. ही गोष्ट सांगतो प्रौढ झालेला, शिकलेला पिप, आणि बालपणीच्या किरकोळ प्रसंगांना तो लॅटिन-फ्रेंच वळणाचे भारदस्त शब्द लावतो. मिस हॅविशमकडे पाठवण्यापूर्वी बहीण त्याला रगडून रगडून धुते, त्याला तो ‘अब्लूशन्स’ म्हणतो. धार्मिक शुद्धीसाठी करायच्या स्नानाचा हा शब्द. नळाखाली मुलाचे मुंडके धरून घासण्याला अभ्यंगस्नान म्हणावे तसा. बहीण पाव कापते ती पद्धत ‘ट्रेंचंट’. मुळात हा शब्द कापण्याचाच, आणि आज तो इंग्रजी अग्रलेखांत बोचऱ्या टीकेसाठी भेटतो. नवऱ्यावर फेकून मारण्यासाठी ती पिपचाच उपयोग करते, तिथे ‘कनूबिअल’ म्हणजे वैवाहिक असे विशेषण येते. हे शब्द वाचकाला पुढेही उपयोगी पडतात, कारण न्यायालयीन निकाल, वर्तमानपत्रे, विद्यापीठातले ग्रंथ या सर्वांत ते वावरतात. एस्टेलाच्या वागण्याभोवती फिरणारी शब्दमाळ तर वहीत एकाच पानावर उतरवून घ्यावी : ‘कंटेम्प्ट’ म्हणजे तुच्छता, ‘डिस्डेन’ म्हणजे तिरस्काराने नाक मुरडणे, ‘कंडिसेन्शन’ म्हणजे आपण वरच्या पायरीवर आहोत हे जाणवून देत केलेली मेहेरबानी. तिन्हींना मराठीत एकच शब्द लावून चालत नाही. एस्टेला कोणत्या क्षणी कशी वागली हे आठवले की मात्र त्यांच्यातला फरक लक्षात राहतो.

वाचण्याची रीत साधी आहे. एक प्रकरण आधी कोशाशिवाय वाचावे आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. मग तीनच प्रकारचे शब्द पाहावेत : ज्यांच्यामुळे गोष्ट अडली ते, पुन्हा पुन्हा आले ते, आणि जे ओळखीचे असूनही वाक्यात नीट बसले नाहीत ते. वहीत शब्दापुढे नुसता अर्थ न लिहिता तो कोण, कोणाला, कधी म्हणाले हेही टिपावे. एकदा पाहिलेला शब्द टिकत नाही. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिले होते, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी. सोप्या इंग्रजीतल्या संक्षिप्त आवृत्त्या या कामाच्या नाहीत. शिकायचे तेच शब्द त्यांतून गाळलेले असतात. कथानक आधी कळावे म्हणून वाचल्या तर हरकत नाही. मूळ मजकूर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर विनामूल्य आहे, पण टिपा असलेली छापील आवृत्ती हाताशी असलेली बरी.

कोशांपैकी एकाची शिफारस मराठी वाचकाला मुद्दाम करावीशी वाटते. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत छापला गेला, म्हणजे तो डिकन्सच्या ऐन उमेदीच्या काळातला. आजच्या कोशांत वगळलेले किंवा शेवटी ढकललेले अर्थ तिथे त्या काळच्या मराठीसह मिळतात. आधी आजचा कोश पाहावा, अर्थ बसला नाही तर हा उघडावा.

कादंबरीचे तीन टप्पे डिकन्सनेच आखून दिले आहेत : १९ प्रकरणांचा पहिला, मग २० आणि २०. पहिला सर्वांत सुगम. दुसरा लंडनचा, आणि तिथे जॅगर्सच्या कचेरीमुळे कायद्याची परिभाषा सुरू होते. त्याचा कारकून वेमिक ‘पोर्टेबल प्रॉपर्टी’ असे घोकत असतो. ही जंगम मालमत्ता म्हणजे फाशी जाणाऱ्या अशिलांकडून त्याला मिळालेल्या अंगठ्या आणि पिना. हे शब्द इतक्या वेळा येतात की मुद्दाम पाठ करावे लागत नाहीत. तिसऱ्या टप्प्यातले ५४वे प्रकरण नदीवरचे आहे आणि होड्या, वल्ही, भरती-ओहोटी यांच्या शब्दांनी खचाखच भरले आहे. ते न थांबता वाचावे. त्यानंतर लगेच येणाऱ्या ‘फॉरफिट’ या कल्पनेपाशी मात्र थांबावेच लागते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची मालमत्ता सरकारजमा होत असे आणि हा नियम इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत टिकून होता. पिपला गुपचूप पैसा पुरवणारा मॅग्विच पकडला गेल्यावर वेमिक कशासाठी हळहळतो आणि एवढी मोठी संपत्ती डोळ्यांसमोर असूनही पिपच्या हाती छदामही का येत नाही, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.