अकरावीत मूल गप्प झालं? रागावण्याआधी हे तपासा

दहावीपर्यंत उर्दू माध्यमात चांगले गुण मिळवणारी मुलं अकरावी विज्ञानला गेली की काही महिन्यांत बदललेली दिसतात. मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण इथले पालक आम्हा शिक्षकांना सांगतात, "दहावीत हुशार होता, आता अभ्यासच करत नाही. मोबाईलनं बिघडवलं." मोबाईलचा दोष असेलही. पण बऱ्याच वेळा मूळ कारण वेगळंच असतं, ते म्हणजे भाषा.

झाडं उन्हात आपलं अन्न तयार करतात, ही क्रिया मूल 'ज़ियाई तालीफ़' या नावानं शिकलेलं असतं. अकरावीत तेच एकदम 'फोटोसिंथेसिस' होतं. 'कुव्वत'चा फोर्स होतो, 'खलिया'चा सेल होतो. म्हणजे विषय येतो, नाव ओळखू येत नाही. शेजारची मुलं भराभर उतरवून घेतात, हा विचारायलाही लाजतो. घरी सांगत नाही, कारण फी, क्लास, रेल्वेचा पास यासाठी अब्बूंनी किती ओढाताण केली हे त्याला ठाऊक असतं. मुलींना आणखी एक धास्ती असते: गुण कमी पडले तर कॉलेजच बंद होईल.

मुलं ताण तोंडानं सांगत नाहीत, शरीर सांगतं. कॉलेजच्या दिवशी सकाळी पोट दुखणं, वारंवार डोकेदुखी, झोप न लागणं किंवा सतत झोपणं, भूक जाणं, भावंडांवर विनाकारण चिडणं, मित्रांना टाळणं. एखादा दिवस असं होणं वेगळं. दोन आठवडे चाललं तर लक्ष द्या. हे नाटक नसतं. भीती वाटली की शरीरात अॅड्रेनालिन, कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. छाती धडधडते, पोट बिघडतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, झोप. या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे. निदान रात्री ठरलेल्या वेळी टीव्ही बंद, आणि सगळ्यांचे मोबाईल एका जागी.

दुसरं, शब्दांची वही. एका रकान्यात उर्दू, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात सोपा अर्थ. रोज 10 शब्द पुरे. महिन्याभरात 300 होतात.

तिसरं, घबराट झाली की चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पाच मिनिटं. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके हळू होतात.

चौथं, तुलना थांबवा. "खालाच्या मुलाला बघ" या वाक्यानं कुणाचे गुण वाढलेले आम्ही पाहिले नाहीत. त्याऐवजी विचारा, "बेटा, कोणता विषय जड जातोय?" आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मूल "जगून काय उपयोग" असं बोललं, स्वतःला इजा करू लागलं, तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, स्पष्ट विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. विचारल्यानं तसे विचार वाढत नाहीत, उलट मूल मोकळं होतं.

काही घरांत म्हणतात, नमाज-दुआ सुरू आहे, डॉक्टर कशाला? दुआनं मनाला आधार मिळतोच. पण ताप आला की आपण दुआही करतो आणि दवाही देतो. मनाच्या दुखण्यालाही तीच तदबीर हवी.