‘हायपोॲलर्जेनिक’ कुत्रा : एका विशेषणाची मर्यादा

कोल्हापुरातील शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना लागून असतात, अंगण बेताचे असते आणि पाळलेले कुत्रे माणसांच्याच खोल्यांतून वावरते. अशा घरातील दमेकरी मुलाने कुत्र्याचा हट्ट धरला, की ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द आईवडिलांच्या कानी येतो. त्याच्या भरवशावर मुलाचा श्वास सोपवावा काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविली. मराठीत तिच्या जवळचा रूढ शब्द ‘वावडे’ हा आहे. त्याची वाक्यरचना लक्षणीय आहे. वावडे कोणाला तरी कशाचे तरी असते. दोहोंपैकी एक पद गाळले की अर्थ अपुरा राहतो. याउलट ‘हायपोॲलर्जेनिक’ हे विशेषण सारा गुण एकट्या कुत्र्याला चिकटविते आणि मुलाला वाक्याबाहेर ठेवते. शिवाय ‘हायपो’ म्हणजे ‘कमी’. ‘मुळीच नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. सौंदर्यप्रसाधनांवरील याच शब्दाला पुराव्याची अट घालणारा नियम अमेरिकेत १९७५ मध्ये झाला. परंतु १९७७ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्द ठरविला.

सामान्य समज असा की, त्रास केसांचा होतो. वस्तुतः तो प्रथिनांचा होतो. त्यांतील प्रमुख ‘कॅन एफ १’ हे लाळेत व त्वचेच्या कोंड्यात आढळते. केस हे केवळ त्याचे वाहन होय. म्हणून आखूड केसांचा कारवान अथवा मुधोळ कुत्रा आणि कुरळ्या केसांचा पूडल या दोघांच्याही अंगी ते असतेच. ‘कॅन एफ ५’ हे दुसरे प्रथिन नराच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते. ज्या मुलाला केवळ त्याचेच वावडे आहे, त्याला मादी सोसण्याचा संभव अधिक.

लॅब्राडूडलचा इतिहास येथे उद्बोधक आहे. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांनी १९८९ च्या सुमारास लॅब्राडोर व पूडल यांचा संकर केला. पिलांचे केस व लाळ यांचे नमुने त्या पतीकडे पाठविण्यात आले. तीन पिलांपैकी एकच त्याला सोसले. म्हणजे कसोटीस उतरली ती जात नव्हे, तर एक विशिष्ट पिलू. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात तथाकथित हायपोॲलर्जेनिक जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ चे प्रमाण इतर जातींपेक्षा अधिकच आढळले, आणि घरातील हवेतील प्रमाणात फरक दिसला नाही.

स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शालेय वयातील दम्याचे प्रमाण काहीसे कमी आढळले. परंतु हा निष्कर्ष रोग उद्भवण्यापूर्वीच्या सहवासाविषयी आहे; ज्याला दमा जडला आहे, त्याच्यावरील तो उपाय नव्हे.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम त्वचेच्या अथवा रक्ताच्या चाचणीने वावडे नेमके कशाचे, हे पाहावे. पावसाळी दमट हवेत गादीतील धूळकिडे हेही कारण असू शकते. दमा आटोक्यात नसेल किंवा कुत्र्याचे वावडे स्पष्ट असेल, तर कुत्रा न आणणेच श्रेयस्कर. अन्यथा वैद्याच्या सल्ल्याने, ज्या कुत्र्याचा विचार आहे त्याच्याच सहवासात मुलाला अनेकदा नेऊन पाहावे. एका भेटीत त्रास झाला नाही, एवढ्याने निर्णय करू नये. कुत्रा आणल्यावर मुलाची झोपण्याची खोली त्याला वर्ज्य असावी. स्नानाने प्रथिन घटते, पण काही दिवसांतच पूर्ववत होते. आणि कुत्रा घराबाहेर गेला तरी ते कित्येक महिने धुळीत टिकून राहते.

चुकीच्या निवडीचा भार दोघांवर पडतो. मुलाचा श्वास कोंडतो, आणि लळा लागलेला प्राणी दारोदार होतो. म्हणून ‘कोणती जात?’ या प्रश्नाऐवजी ‘या मुलाला हा कुत्रा सोसतो काय?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.