तिकिटावर न आलेली आमरी

विषयवार तिकिटं जमवणाऱ्यांत फुलांवाले पुष्कळ, आणि त्यांत ऑर्किडवाल्यांची चंगळ. कोलंबियाने १९४७ सालीच ऑर्किडं तिकिटांवर आणली. सिंगापूरने तर १९८१ मध्ये ऑर्किडलाच राष्ट्रीय फूल केलं.

आपल्या टपाल खात्याचा गाजलेला संच १९९१चा, सहा तिकिटांचा. त्यातली ‘एरिडिस क्रिस्पम’ ही सह्याद्रीची आमरी, म्हणजे ऑर्किड. बाकीची सिम्बिडियम ॲलोइफोलियम, सिम्बिडियम बायकलर, सिम्बिडियम डेव्होनियानम, व्हँडा स्पॅथ्युलाटा आणि पॅफिओपेडिलम व्हेनुस्टम. योगायोग असा की त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन काही वनस्पतींना पहिल्यांदा संरक्षण मिळालं. पॅफिओपेडिलमच्या कुळीला, म्हणजे ‘लेडीज स्लिपर’ला, त्या यादीत जागा मिळाली, एरिडिसच्या वाट्याला मात्र तिकीटच आलं.

एरिडिस झाडावर राहते, पण झाडाचं खात नाही. जाडजूड पांढुरकी मुळं सालीला धरून हवेतला ओलावा शोषतात. उन्हाळा सरता सरता गुलाबी फुलांचा घोस लोंबतो. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या तोडायची जुनी रीत आहे. फांदी गेली की तिच्यावरची आमरीही जाते. तरी मला शेतकऱ्यापेक्षा फार्महाऊसवाल्यांची धास्ती जास्त वाटते. राबवाला झाड राखून फांद्या काढतो, प्लॉटवाला झाडच काढतो.

खरी उणीव मला वाटते ती हबेनारियाची, जमिनीवर उगवणाऱ्या आमरीची. १९९१च्या संचात ती नाही. पाऊस लागला की घाटमाथ्याच्या गवताळ सड्यांवर हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस उगवते: जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान, वर बोटभर दांडा आणि त्यावर एखाददुसरं पांढरं फूल. गुडघे टेकून पाहिलं तर ओठाच्या दोन्ही बाजूंचे दोऱ्यासारखे फाटे दिसतात, आणि मागे मधाची लांब नळी. चालत्या ट्रेकरच्या बुटाखाली ती सहज जाते. धुळीसारखं बारीक बी रुजायला मातीतली ठरावीक बुरशी लागते, आणि कंद उपटून कुंडीत लावणाऱ्याच्याही हाती बहुधा काहीच लागत नाही.

भोर-वेल्ह्याकडची राजगड, तोरणा, रायरेश्वर ही नावं महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. वेल्हे तालुक्याला तर आता राजगडाचंच नाव आहे. तिकीट नाही तरी टपालाचं विशेष आवरण (स्पेशल कव्हर) स्थानिक निमित्तानेही निघतं, त्यासाठी दिल्लीच्या संचाची वाट पाहावी लागत नाही. तेव्हा पुण्याच्या संग्राहकांनी या भागातल्या हबेनारियाच्या विशेष आवरणासाठी टपाल खात्याकडे रीतसर मागणी करावी. सोबत चांगलं छायाचित्र द्यावं, माहितीपत्रकात तालुक्याचं नाव जरूर यावं. फूल नेमकं कुठल्या सड्यावर फुलतं, ते मात्र छापू नये.