पूग, महजर आणि रहिवाशांची हरकत

जुन्या कागदांच्या संग्राहकांस महजर म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु त्याच जातीचे कागद आजही गांवोगांवीं लिहिले जात आहेत आणि वीसपंचवीस वर्षांच्या आंतच नाहींसे होत आहेत, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. नगराच्या विकासयोजनेवर रहिवासी-संघांनीं दिलेल्या हरकती हे ते कागद होत. त्यांचें बळ कशांत असतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

एका स्थळीं राहणाऱ्यांनीं मिळून सामाईक हिताचा विचार करावा, ही कल्पना आपणांकडे नवी नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत निवाडा करणाऱ्यांचा क्रम राजनियुक्त अधिकारी, पूग, श्रेणी आणि कुल असा उतरता दिला आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर यांचा भेद स्पष्ट करतो. श्रेणी म्हणजे एका कर्मावर उपजीविका करणाऱ्यांचा समूह. पूग म्हणजे भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या, परंतु एका ठिकाणीं निवास करणाऱ्यांचा समूह. आजच्या रहिवासी-संघाची याहून नेमकी व्याख्या सांपडणें कठीण. भेद इतकाच कीं, पूगास निवाड्याचा अधिकार होता. संघास केवळ म्हणणें मांडण्याचा आहे. ज्यास अधिकार नाहीं त्याचा सर्व भार कागदावर पडतो.

मराठेशाहींतील महजर या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशीं ‘हजर असणें’ हा अर्थ आहे. मजालशींत कोण हाजीर होतें, त्यांचीं नांवें व वतनें कोणतीं, हें आरंभीं येतें. मग वाद, पुरावा व निर्णय. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. ‘समस्त गांव’ एवढें लिहून कोणी थांबत नसे. समस्त म्हणजे कोण कोण, हें सांगितल्यावांचून महजरास किंमत नव्हती.

इंग्रजी अमलांत हाच प्रश्न पुणें येथें पुन्हा उभा राहिला. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष होता. परंतु त्यांच्या वतीनें बोलणाऱ्यास ‘तुम्ही कोण?’ असें कोणीही विचारूं शकत होतें. २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनें याचें उत्तर नियमांतच घातलें. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील त्यासच सभासद होतां येई. आरंभींचे ९५ सभासद सुमारें ६,००० लोकांचे मुखत्यार होते. गणेश वासुदेव जोशी यांच्या या सभेचें वजन वक्तृत्वापेक्षां या मुखत्यारपत्रांत अधिक होतें, असें आम्हांस वाटतें.

आतां सांप्रतची रीत पाहूं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणें रस्ते, उद्यानें, शाळा इत्यादींसाठीं जागा राखून योजनेचा मसुदा प्रसिद्ध करितात व ठराविक मुदतींत लेखी हरकती मागवितात. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेऊन अहवाल देते व शेवटीं योजना शासनाच्या मंजुरीस जाते. हा उपचार पोकळ नाहीं. मुंबईच्या योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील चुका रहिवाशांनीं नकाशा हातीं घेऊन दाखविल्या. हरकती हजारांनीं मोजाव्या लागल्या, आणि एप्रिलमध्यें शासनानें तो मसुदा नव्यानें करण्याची आज्ञा दिली. सुधारलेला मसुदा २०१६ मध्यें आला व मंजुरी २०१८ मध्यें मिळाली.

मुंबईसारख्या शहरांत निदान बोलणारे पुष्कळ असतात. आमच्या दहिवलीची गोष्ट वेगळी. महसुलाच्या कागदांत हिचें नांव ‘दहिवली तर्फे नीड’ असें लागतें. तर्फ हा जुना विभाग गेला, नांवांत राहिला. आज हें स्थळ कर्जत नगरपरिषदेच्या हद्दींत आहे. खेड्यास ग्रामसभा असते. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें प्रभाग समित्या अवश्य केल्या, त्या ३ लक्ष वा अधिक वस्तीच्या शहरांस. आमच्यासारख्या लहान नगरांस पहिलीचा लाभ नाहीं व दुसरीचा हक्क नाहीं. मग उरतो तो पूग, म्हणजे रहिवासी-संघ.

आम्ही राहतों त्या वसाहतीच्या कपाटांतील एक रुमाल आम्ही मध्यंतरीं सोडून पाहिला. मुलांस खेळावयास म्हणून जी मोकळी जागा सर्वांच्या तोंडीं होती, तिच्याविषयींचे अर्ज त्यांत होते. खालीं ‘समस्त रहिवासी’ अशी अक्षरें, नांवें नाहींत. जागेचा नकाशा सुबक, पण सर्व्हे नंबर नाहीं. आवकेचा शिक्का एकाच कागदावर, तोही वाचतां येत नाहीं. एका अर्जावर सही आमचीच आहे व तारीख नाहीं. तारखेवांचून लिहिलेल्या पत्राचे गुण आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांचे कापले! त्या जागेवर आज इमारत उभी आहे. हरकत वेळेवर दिली होती असें सांगणारे चार वृद्ध आहेत. दाखविणारा कागद एकही नाहीं. येथें दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं, आमचा आहे.

तात्पर्य, आजच्या हरकतीस महजराचींच अंगें हवींत : हजर असलेल्यांचीं नांवें व सह्या, जागेच्या चतुःसीमा व सर्व्हे नंबर, मिति, आणि कागद पोहोंचल्याची खूण. त्याची एक प्रत संघाच्या दप्तरीं सुरक्षित राहिली पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, तीनशें वर्षांपूर्वींचे महजर शोधीत असतां आपल्या आळींतील संघाचा रुमालही एकदां सोडून पाहावा, त्याची यादी करावी व ती मंडळाकडे पाठवावी. पुढील संशोधकास या नगरांत कोण हाजीर होतें, हें त्याच कागदांवरून कळेल.