उत्तर देण्याची सोय

१९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने रिडिफ्यूजन या संस्थेकडून जाहिरातमोहीम करून घेतली. देशाची सीमा उद्या तुमच्या दारापर्यंत येणार का, असा प्रश्न त्या जाहिराती वाचकाला विचारत होत्या. दुसऱ्या राज्यातला माणूस टॅक्सी चालवत असेल तर त्या टॅक्सीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावे, असेही त्यांतल्या एकीत विचारले होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तो टॅक्सीवाला कोण, हे सांगावे लागत नव्हते. काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, त्यामागे सहानुभूती होती आणि इतरही कारणे होती. सगळे श्रेय जाहिरातींना देणे चूक ठरेल. पण नैतिक प्रश्न यशापयशाचा नाहीच. या जाहिरातींचा घाव विरोधी पक्षापेक्षा जास्त बसला तो निवडणुकीत उभ्याच नसलेल्या, म्हणून उत्तर देण्याची कुठलीच सोय नसलेल्या माणसांवर.

वीस वर्षांनी, २००४ मध्ये, चित्र उलटे होते. वाजपेयी सरकारची ‘इंडिया शायनिंग’ मोहीम कोणालाही नावे ठेवत नव्हती. ती प्रसन्न होती आणि सरकारी पैशाने चालली होती. काँग्रेसच्या प्रतिजाहिरातींनी एवढेच विचारले की, या सगळ्यात सामान्य माणसाला काय मिळाले? शब्दशः घेतले तर यातली दुसरी जाहिरात नकारात्मक. पण तिचा रोख कारभारावर होता, सरकारकडे उत्तर द्यायला आकडे आणि व्यासपीठ दोन्ही होते, आणि खरेखोटे मतदाराला स्वतःच्या घरखर्चावरून पडताळता येत होते. ‘प्रचार सकारात्मकच हवा’ असे सज्जनपणे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. सत्ताधाऱ्याचे दोष दाखवू न देणारी निवडणूक सभ्य दिसेल, पण तिचा फायदा सत्तेवर असलेल्यालाच होईल. म्हणून टीका आहे की नाही, यावरून जाहिरात तोलू नये. आरोप पडताळता येतो का, आणि ज्याच्यावर तो आहे त्याला मतदानापूर्वी उत्तर देता येते का, हे पाहावे.

आपली आदर्श आचारसंहिता कागदावर या कसोटीच्या बरीच जवळ आहे: टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती असावी, शहानिशा न केलेले आरोप टाळावेत. लोकप्रतिनिधी कायद्याचे कलम १२३(४) तर उमेदवाराच्या चारित्र्याविषयीच्या जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला भ्रष्ट आचार ठरवते. अंमलबजावणीत मात्र शब्दांवर कात्री चालते. २०१७ मध्ये गुजरातेत भाजपच्या जाहिरातीतल्या ‘पप्पू’ शब्दाला हरकत घेतली गेली. त्या जागी ‘युवराज’ आले आणि जाहिरात पुढे गेली. दुसरे दुखणे उशिराचे. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या प्रचारभाषणांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९९५ मध्ये आला, तोवर ती विधानसभा जाऊन पाच वर्षे झाली होती. २०२४ मध्ये भाजपच्या तृणमूलविरोधी वृत्तपत्र-जाहिरातींना कलकत्ता उच्च न्यायालयाने मनाई केली, निवडणूक आयोगाने तक्रारींची वेळेत दखल घेतली नाही असे सुनावले, आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. पण उच्च न्यायालयाचा तो आदेश निघाला २० मे रोजी. त्याच दिवशी पाचव्या टप्प्याचे मतदान होत होते.

यावर खरा आक्षेप असा की, खरेखोटे ठरवण्याचा अधिकार आयोगाला दिला तर ती सेन्सॉरशिप होईल. ही भीती रास्त आहे. टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातींना २००४ पासून प्रसारणापूर्वी प्रमाणपत्र लागते, आणि अशा पूर्वतपासणीत कोणती टीका अडवली गेली हे मतदाराला कळतही नाही. म्हणूनच भर छापण्यापूर्वीच्या मंजुरीवर नको, छापल्यानंतरच्या जलद उत्तरावर हवा. ‘मतदार शहाणा आहे’ हा दुसरा युक्तिवाद २००४ ला लागू पडतो, १९८४ ला नाही. महागाई घरी कळते, शेजाऱ्याविषयी पेरलेला संशय पडताळायचा कुठे?

बनावट चित्रफिती लक्षात आल्यापासून तीन तासांत हटवा, असे आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावले. वेळेची निकड त्याला कळते, हे यावरून दिसतेच. आता जाहिरातींवरच्या तक्रारींचा निर्णय ४८ तासांत देण्याचे बंधन आयोगाने स्वतःवर घालून घ्यावे, आणि आरोप निराधार ठरल्यास त्याच वृत्तपत्रात, तेवढ्याच जागेत, त्याच पक्षाच्या खर्चाने खुलासा छापायला लावावा.