ईसीजीवर 'लेफ्ट ॲक्सिस' छापून आलंय? घाबरू नका, पण कागद फेकूनही देऊ नका

आमच्या चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला. कागदाच्या कोपऱ्यात मशीननेच छापलं होतं, 'लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन'. थोडक्यात 'एलएडी'. एका पोराने मोबाईलवर एलएडी शोधलं आणि सांगितलं, हृदयाची मोठी नस बंद झालीय. घरात रडारड सुरू. अण्णांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. मग डॉक्टरांनी जे समजावलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

नाव एक, अर्थ दोन
अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये एलएडी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी एक मुख्य रक्तवाहिनी. ईसीजीच्या कागदावर एलएडी म्हणजे हृदयातल्या विजेची दिशा डावीकडे झुकलेली. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

ॲक्सिस म्हणजे काय?
हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे बारीकशी वीज असते. ती उजव्या वरच्या कप्प्यात तयार होते आणि खाली पसरते. डावा खालचा कप्पा जाड स्नायूचा, म्हणून विजेचा एकूण ओढा डावीकडे खाली असतो. हीच दिशा म्हणजे ॲक्सिस. मोठ्या माणसात ती साधारण उणे ३० ते अधिक ९० अंशांत असली की नॉर्मल.

डॉक्टर आधी 'लीड वन' आणि 'एव्हीएफ' या दोन पट्ट्या बघतात. दोन्हींत मोठं टोक वर असेल तर ठीक. वनमध्ये वर, एव्हीएफमध्ये खाली असेल तर डावीकडे झुकल्याची शंका, मग 'लीड टू' बघून खात्री करतात. उलटं असेल तर उजवीकडे.

दिशा का बदलते?
डावीकडे: बरीच वर्षं बीपी वाढलेला राहून डावा कप्पा जाड होणं, वीज नेणाऱ्या डाव्या फांदीत अडथळा, किंवा पूर्वी येऊन गेलेला अटॅक.
उजवीकडे: विडी-सिगारेट नाहीतर चुलीच्या धुराने झालेला फुफ्फुसाचा जुना आजार, कधी फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. लहान बाळांत आणि काही उंच, सडपातळ माणसांत मात्र हे नॉर्मल असू शकतं. हाताच्या वायरी चुकून उलट्या लागल्या तरी असं दिसतं.

मग करायचं काय?
ॲक्सिस हा आजार नाही, ती खूण आहे. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, बीपी मोजा, जुना ईसीजी असेल तर सोबत न्या. गरज वाटली तर ते टू-डी इको सांगतील. अण्णांचा बीपी १७० च्या वर निघाला. गोळी त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून मनानेच बंद केली होती. त्या कागदामुळे ती परत सुरू झाली.

आणखी एक. छातीत दाब, घाम, दम लागणं, डावा हात किंवा जबडा दुखणं असं झालं तर ॲक्सिस बघत बसू नका. आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणूनही थांबू नका. लगेच १०८ ला फोन लावा.