चाकांवरचे बिऱ्हाड

मध्यंतरी एका सकाळी शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी, माणसांचा घोळका दिसला. भाजीच्या हातगाड्यांमध्ये एक मोटार अडकली होती आणि तिच्या मागे दोन चाकांची, गोल छपराची, पत्र्याची लहानशी खोली जोडलेली होती. आत दोघांना पुरेल एवढी गादी. मागचे झाकण उचलले की शेगडी आणि चार भांडी. एक तरुण जोडपे असे बिऱ्हाड घेऊन वेरूळकडे निघाले होते. मोटार मागे घ्यायची होती, पण खोली भलतीकडेच वळे. शेवटी ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला पुढे झाला. म्हणाला, “साहेब, खोली डावीकडं न्यायचीय ना? मग तुमचं चाक आधी उजवीकडं फिरवा.” दोन मिनिटांत वाट मोकळी झाली.

मंडळी, त्या ट्रॅक्टरवाल्याप्रमाणेच तुमच्यापैकी ज्यांनी बैलगाडी हाकली आहे, त्यांना या फिरत्या खोलीचे निम्मे शास्त्र ठाऊकच आहे. लहानपणी चढ लागला की आमचे आजोबा ओरडायचे, “पुढं सरका रे पोरांनो, गाडी उलाळ होतीय!” दोन चाकांची गाडी म्हणजे एक तराजूच, आस हा तिचा काटा. मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर सगळे ओझे त्यांच्या मानेवर येते. म्हणून जाणता गाडीवान पोती अशी रचतो, की भार किंचित पुढे राहावा.

मोटारीमागच्या खोलीलाही हाच नियम आहे. तिच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा मोटारीच्या आकड्यावर टेकलेला असावा, असा ढोबळ हिशेब आहे. खोली सामानासकट पाचशे किलोची असेल, तर आकड्यावर पन्नास किलोच्या आसपास.

हे चुकले तर काय होते? बैल रमतगमत चालतात, म्हणून गाडी नुसती उलाळ होते. मोटार तासाला ऐंशी किलोमीटरने धावत असते. मागे जड झालेली खोली एखाद्या वाऱ्याच्या झोताने वा खड्ड्याने डावी-उजवी झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याबरोबर मोटारीचा मागचा भाग ओढत नेते. झोके वाढत जातात. घाबरून जोरात ब्रेक दाबावा असे वाटते, आणि नेमके तेच करायचे नाही. मागून खोली रेटते आणि मोटार आडवी होते. वेगाच्या पट्टीवरचा पाय काढावा, चाक सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मग पहिल्या सोयीच्या जागी थांबून सामान पुढे घ्यावे.

पाण्याचे गणितही असेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चाळीस लिटरची टाकी अगदी मागे बसवली, तर सकाळी भरलेली आणि संध्याकाळी रिकामी अशा दोन निराळ्या गाड्या हाती येतात! म्हणून टाकी आसाजवळ असावी. आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की तळाशी साठतो. जिथे सिलिंडर ठेवायचा त्या कप्प्याच्या तळाला, बाहेर उघडणारे भोक हवेच. शेगडी पेटती ठेवून दारे लावून झोपणे तर जिवावरचेच.

हौसेसाठी असे घर बांधून घेणाऱ्यांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरचे नाव आधी घेतात. १८८५ साली इंग्लंडात त्याने ‘वाँडरर’ नावाची गाडी करवून घेतली. ती ओढायला दोन घोडे होते. मोटारी नंतर आल्या. आपल्या राज्यानेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मुक्कामाच्या जागी पाणी, वीज, संडास असावा, हा त्यामागचा साधा विचार आहे.

पण चाकांवरचे बिऱ्हाड आपल्या मराठवाड्याला नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांची वाट धरतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कोणी बैलगाडीने जातात, आता पुष्कळसे ट्रकने नि ट्रॅक्टरने. गाडीत पीठ, भांडी, अंथरुणे, कोंबड्या, त्यांच्यावर लेकरे. फडावर पोचले की पाचटाची कोपी. या बिऱ्हाडाच्या मुक्कामी पाणी आणि संडास असेलच असे नाही.

रात्री उसाची गाडी रस्त्यावर असते तेव्हा मागून येणाऱ्याला ती दिसत नाही, आणि जीव जातात. प्रकाश पडताच चमकणारी लाल पट्टी थोडक्या पैशांत मिळते. ती गाडीच्या मागे दोन्ही कडांना लावावी, चिखल पुसून ठेवावी. हे काम उद्यावर टाकू नका.

आणि शिक्षकहो, दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली जी बाके रिकामी होतात, ती या गाड्यांतच बसून गेलेली असतात. मूल आजीपाशी राहू शकत असेल, तर गावात हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. जाणारच असेल, तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याची इयत्ता आणि प्रगती कळते. दाखला पोचला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पालकांना हे कोणी सांगितलेले नसते. मुकादमाची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. कार्ड सहामाही परीक्षेच्या सुमारासच लिहून तयार ठेवलेले बरे.